पदराच्या गाठीतली गोळी

दिवाळी सरली की आमची आळी रिकामी होते. ट्रॅक्टर येतात, त्यात भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, लेकरं, एखादी शेळी असं सगळं चढतं आणि कारखान्याच्या वाटेनं निघून जातं. मागं दारांना कुलपं राहतात आणि ज्यांच्यानं आता ऊस तुटत नाही अशी माणसं राहतात. पहिले काही दिवस कुत्रीसुद्धा त्या बंद दारांपुढं बसून असतात. मग तीही उठतात आणि जिथं भाकरी मिळेल तिकडं जातात.

माझा लेक, सून, नातवंडं गेली. समोरच्या घरातली गेली. आळीच्या ह्या टोकाला उरलो आम्ही दोघी, मी आणि समोरची आक्का. आक्का माझ्या नात्यातली नाही. पण उमेदीची सगळी वर्षं आम्ही एकाच टोळीत ऊस तोडला. कारखान्यावर पाचटाच्या कोप्या बांधायच्या तर तिची न् माझी कोपी शेजारी शेजारीच असायची. ती माझ्याहून थोडी मोठी, म्हणून ती आक्का आणि मी तिची धाकटी. तिचा नवरा आधी गेला, माझे मालक मागून गेले. आता आमच्या दोन दारांच्या मधे फक्त रस्ता आहे, तोही एवढा अरुंद की बैलगाडी आली तर माणसानं भिंतीला चिकटावं.

मला जे सांगायचंय ते टोळीपासूनच सांगावं लागेल. टोळीत गोळ्या आक्काकडं असायच्या. मुकादम बाजारातनं पाकिटं आणायचा आणि तिच्या हवाली करायचा, कारण तिच्या हातून कधी काही हरवलं नाही. ती त्या पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. अंधारात उठून फडात जायच्या आधी कोरा चहा व्हायचा आणि चहाबरोबर ज्याच्या त्याच्या तळहातावर आक्का गोळी ठेवायची. दुखतंय का, कुठं दुखतंय, असं कोणी विचारत नव्हतं. दुखायच्या आधीच घ्यायची, ही रीत. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढायचं म्हणजे मान, कंबर, गुडघे दुखणारच. मग त्यांची वाट बघत कशाला बसा?

पाणी मात्र आम्ही बायका बेतानं प्यायचो. फडात आडोसा असतो तो उसाचाच, आणि तो आम्हीच तोडत पुढं जायचो. दुपार झाली की चारी बाजूला उघडं रान. जास्त पाणी प्यालं तर जायचं कुठं? म्हणून दोन घोट घ्यायचे, ओठ ओले करायचे आणि पुन्हा वाकायचं.

एकदा मोळ्या बांधताना मी आक्काला विचारलं, गोळीला कसं कळतं गं कुठं दुखतंय ते? कोणाची कंबर, कोणाचा गुडघा, कोणाचं डोकं, आणि गोळी तर सगळ्यांना एकच. आक्का म्हणाली, "सून कुठं बसली हे सासूला बरोबर कळतं का न्हाई? तसं." सगळी टोळी हसली आणि माझा प्रश्न तिथंच राहिला. मी शाळेत गेले नाही. लेक शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवली आणि मग वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नाही. पण गोळीच्या पाकिटामागं सगळं इंग्रजी, आणि तेही मुंगीएवढं.

ऊसतोड सुटली, गोळी सुटली नाही. रोज सकाळी मी चूल पेटवून चहा टाकायची आणि चहाला उकळी यायच्या बेताला आक्का रस्ता ओलांडून यायची. ओट्यावर टेकायची, पदराची गाठ सोडायची. एक गोळी माझ्या हातावर, एक तिच्या तोंडात. वर कोरा चहा. मग गोळी लागू पडेपर्यंत आमचं बोलणं. कोणाची टोळी कुठं उतरली, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, तलवाड्याच्या बाजारात मेथी काय भाव होती. मग गुडघे जरा सैल झाले की ती म्हणायची, चल, उठते, शेण पडलंय. रोजचं हेच. आळीत दुसरं कोणी बोलायला नव्हतं. दुपारी मी टीव्ही लावायची ते काही बघायला नाही, घरात आवाज असावा म्हणून. त्यामुळे सकाळची ती गोळी म्हणजे माझ्या दिवसातला माणसाचा भाग होता.

मार्गशीर्षातले गुरुवार आम्ही दोघीही धरतो. उपास संध्याकाळी पूजा झाल्यावर सोडायचा, तोवर पोटात काही नाही. पण सकाळची गोळी त्या दिवशीही व्हायचीच. गोळीनं उपास मोडत नाही, हे आमचं ठरलेलं. मीठ नाही, धान्य नाही, तोंडात चव नाही, मग ती खाल्ली असं कसं म्हणायचं?

त्याच महिन्यात माझ्या पोटात जळजळ सुरू झाली. मला वाटलं, उपासाचं पित्त. मग पाय सुजायला लागले. संध्याकाळी पायाचा अंगठा चपलेत जाईना. मग परसाकडंला काळं व्हायला लागलं, डांबरासारखं, आणि वासही काही वेगळाच. सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच पाहिजे, कारण तेव्हा मी ते कोणाला सांगितलं नाही. मी आपली कारळाच्या चटणीला दोष दिला. चटणी काळी, तर ते काळं. आणि चटणी बंद केली. गोळी चालूच.

एका सकाळी घरोघर फिरणारी आशाताई आली, तेव्हा मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, कारण सोडलं असतं तर पडले असते. तिनं माझी पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली आणि दुसरं काही न विचारता रिक्षा बोलावली. गेवराईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आक्का तिच्या दारात उभी राहून बघत होती. मी हात केला. तिनंही केला.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रक्त काढलं, सुई लावली, मला ठेवून घेतलं. आधी विचारलं, आजी, गोळ्या कोणत्या घेता? मी म्हटलं, दुखण्याच्या. कोण देतं? मी सांगितलं नाही. म्हटलं, असतात घरात. कसं सांगू? आक्का काही वैरीण नव्हती. ती मला जे देत होती तेच स्वतः घेत होती.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गर्दी नव्हती. त्या माझ्या खाटेशी आल्या तेव्हा मी इतक्या वर्षांचा तो प्रश्न काढला. म्हटलं, मॅडम, गोळीला कसं कळतं कुठं दुखतंय ते?

त्या हसल्या नाहीत. खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "आजी, कळतच नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते. तुम्हाला फक्त गुडघ्यातला फरक जाणवतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या समजुतीनं सांगते. अंगाला कुठं मार लागला, झीज झाली, की तिथलं मांस एक द्रव्य तयार करतं. त्याचं नाव त्यांनी सांगितलं होतं, लई लांब होतं, माझ्या जिभेवर राहिलं नाही. ते द्रव्य म्हणजे हाकारा घालणारा समजा. त्याच्या हाकेनं तिथल्या रक्ताच्या नळ्या रुंद होतात, रक्त धावून येतं, पाणी झिरपतं. म्हणून तिथं सूज, लाली, हाताला गरम लागणं. आणि तेच द्रव्य तिथल्या नसा हळव्या करतं, इतक्या की साधं पाऊल टेकलं तरी ठणका मेंदूपर्यंत जावा. गोळी काय करते, तर ते द्रव्य तयार होऊ देत नाही. हाक थांबली की धावाधाव थांबते, सूज उतरते, ठणका कमी होतो. गुडघ्याची झीज मात्र तिथंच असते. तिला गोळीनं हातही लावलेला नसतो.

मी म्हटलं, मग वाईट काय त्यात? हाक बंद, दुखणं बंद.

त्या म्हणाल्या, तेच द्रव्य पोटात आणि मूत्रपिंडातही असतं, आणि तिथं ते राखणीला असतं. पोटात अन्न जिरवायला तेजाब असतं. ते पोटालाच खाऊ नये म्हणून आतून बुळबुळीत लेप असतो, आपण चुलीला पोतेरं देतो तसा. तो लेप त्या द्रव्याच्या जिवावर टिकतो. गोळीनं द्रव्य थांबवलं, लेप उडाला, पोटाला जखम झाली. काळं जात होतं ते तुमचं रक्त होतं, आजी. उपाशीपोटी घेत होता का? मी मान हलवली. म्हणाल्या, जेवूनही रोज रोज घेतली तर धोका जात नाहीच, उपाशी घेतली तर आणखी वाईट.

आणि मूत्रपिंड. अंगात पाणी कमी पडलं की तिथल्या नळ्या आवळायला लागतात. तेव्हा हेच द्रव्य त्या उघड्या धरून ठेवतं, म्हणजे रक्त गाळायला पोचावं. माणूस उन्हात घाम गाळतोय, पाणी पीत नाही आणि वरनं गोळी घेतोय, तर त्या नळ्या कोणी उघड्या धरायच्या? पायाची सूज तिथली होती. मूत्रपिंडं थकलीत म्हणाल्या, अजून हातची गेलेली नाहीत. गोळी बंद केली तर सावरतील.

मी भिंतीकडं बघत राहिले. मला फड दिसत होता. सगळ्याच्या आधी कोरा चहा, तळहातावर गोळी, आणि दिवसभर दोन घोट पाणी.

सोडताना त्यांनी पोटाचं तेजाब कमी करायचं औषध दिलं. दुखण्याला साधी तापाची गोळी दिली. ती म्हणे बहुतेक काम मेंदूकडं करते, सूज ओढत नाही, पण पोटाला जाचत नाही. तीसुद्धा सांगितली तेवढीच, जास्त झाली तर यकृताला मारते. आणि गुडघा लाल, गरम नसेल तर शेका म्हणाल्या.

घरी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी चहाला उकळी यायच्या बेताला आक्का आली. मला बघून तिचे डोळे भरले. गाठ सोडून तिनं गोळी पुढं केली. मी हात पुढं केला नाही. म्हटलं, आक्का, डॉक्टरीणबाईंनी बंद सांगितलीय. त्यानंच रक्त गेलं माझं.

तिचा हात तसाच राहिला. मग तिनं गोळी परत गाठीत बांधली, सावकाश. म्हणाली, "जन्मभर माझ्या हातची खाल्ली. आता माझाच हात इखाचा झाला व्हय, धाकटे?"

मी म्हटलं, तुला कोण म्हणतंय? पण ती उठली होती. चहा तसाच राहिला.

त्यानंतर ती आली नाही. भांडण नाही, शिवी नाही. तिचं दार उघडं असायचं, माझं दार उघडं असायचं. ती अंगण झाडायची, मी अंगण झाडायची. मी वर बघितलं की ती खाली बघायची. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान चार शब्द इकडून तिकडं गेले असते. मी चहा दोघींचाच टाकत होते, हात वळणीला पडलेला. उरलेला गार चहा तुळशीत कसा ओतावा, म्हणून भिंतीकडंच्या आळूला ओतायची.

आणि दुखणं आलं. इतकी वर्षं मी ज्याला दारातनंच परतवत होते ते घरात येऊन बसलं. उठताना गुडघ्यात कोणी खडे भरल्यासारखं वाटायचं. कंबर तर सकाळी माझी नव्हतीच. तापाच्या गोळीनं थोडं हलकं व्हायचं, पण पहिल्यासारखं नाही. कण्हायचं तरी कोणापुढं? एकटं माणूस कण्हलं तर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि आणखी वाईट वाटतं. लेकाचा फोन यायचा फडातनं, मागं कोयत्यांचा आवाज. तो विचारायचा, आई, बरी हायस ना? मी म्हणायची, बरी हाय. तो म्हणायचा, दुखलं तर आक्काकडनं गोळी घे. मी म्हणायची, घेते. दवाखान्याचं त्याला अर्धंच सांगितलं होतं, पित्त झालतं म्हणून.

मनात यायचं, घ्यावी एखादी. तिच्या हातून घ्यावी, नंतर थुंकून टाकावी. पण निदान ती येईल, बसेल. मी हा विचार खरंच केला. लपवत नाही.

मग एका सकाळी ती अंगण झाडताना दिसली, अनवाणी. थंडीत आक्का कधी अनवाणी नसते. मी बघत राहिले. चपला उंबऱ्याशीच होत्या. तिनं एक पाय घालून बघितला, जाईना, तशीच बाजूला सारली.

मी चुलीवरनं चहा उतरवला, तांब्यात घेतला, रात्रीची भाकरी फडक्यात बांधली आणि निघाले. तेवढा रस्ता, पण मला भिंत धरूनच जावं लागलं. आक्का ओट्यावर बसली होती. मला बघून म्हणाली, "कशाला आलीस? माझ्या घरी गोळ्याच हायत."

खाली बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. दवाखान्यात माझ्या पायावर असंच दाबून बघितलं होतं. अंगठा काढला तर तिथं खळगा पडलेला, कणकेत पडावा तसा. आम्ही दोघी त्या खळग्याकडं बघत बसलो. तो भरून येईना.

"माझा पन असाच झालता," मी म्हटलं.

मग मी तिला सगळं सांगितलं. हाक मारणारं द्रव्य, पोटाचं पोतेरं, पाण्याविना आवळणाऱ्या नळ्या. सांगताना माझं अर्धं चुकलं असेल. तिनं मधे एकदाच विचारलं, म्हंजे गोळीला कळत न्हाईच कुठं दुखतंय ते? मी म्हटलं, नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. मग पदराची गाठ चाचपायला लागली. म्हणाली, "निघताना माझ्या सुनंला पाकीट दिलंय. म्हनलं, उपाशीच घे, लौकर लागू पडती. तुझ्या सुनंलाबी दिलंय."

मला हे माहीत नव्हतं. रागवणारच होते, पण तिचं तोंड बघितलं. तिनं ते पाकीट कशापायी दिलं होतं ते मला ठाऊक होतं. पोरी निघाल्या, हातावर ठेवायला म्हातारीकडं दुसरं काय होतं?

मी फोन काढला. आधी तिच्या सुनेला लावला, मग माझ्या लेकाला. मी बोलणार होते, पण आक्कानं फोन माझ्या हातातनं घेतला आणि स्वतः बोलली. सुनेला म्हणाली, "ती गोळी टाकून दे. मी दिलती, मीच सांगते. आन् पानी पी पोटभर. जायला लागलं तर दोघीतिघी मिळून जा, लुगडं आडवं धरा, पन पानी पी." तिकडनं सून काहीतरी म्हणाली, तर ही म्हणाली, "दुखू दे जरा. दुखलं तर बस खाली." माझ्या लेकालाही तिनंच सांगितलं, माझं रक्त गेल्याचंसुद्धा. मग तो आईला फोन दे म्हणाला आणि माझ्यावर रागावला. कितीतरी दिवसांत माझ्यावर कोणी रागावलं नव्हतं.

पोरी खरंच ऐकतील का, मला ठाऊक नाही. फडात मोळी उचलायची असते आणि मुकादम उभा असतो. आक्काला घेऊन मी दवाखान्यात गेले. तिची मूत्रपिंडं माझ्यापेक्षा जास्त थकलीत. डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी सांगितलं, रक्त पुन्हा तपासायला बोलावलं. तिचं काय होईल ते त्याही सांगत नाहीत. मी तिच्या पायाकडं रोज बघते.

दवाखान्यातनं आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चहा टाकला आणि रस्त्याकडं बघत बसले. आक्का तिच्या दारात येऊन उभी राहिली. पदराला गाठ नव्हती. तिचा हात सवयीनं तिथं जात होता आणि रिकामा परत येत होता. काही घेऊन यायचं नाही तर यायचं कशाला, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मी चुलीवर तवा ठेवला, त्यात दोन मुठी वाळू टाकली आणि हाक मारली. "आक्का, माजी कंबर मला एकटीला शेकता येत न्हाई. हात पोचत न्हाई मागं."

ती आली. फडक्यात वाळूची पुरचुंडी बांधली, आधी स्वतःच्या गालाला लावून बघितली, आणि मला पालथी पड म्हणाली. आळीत कुठंच धूर नव्हता, आमच्या चुलीचा सोडून. ती शेकत होती, मी सांगत होते, जरा वर, हां, तितंच. मग उलटून तिनं विचारलं, झालं का तुझं, का दिवसभर पडतीस? माझी पाळी कवा?

मी उठून वाळू पुन्हा तापायला टाकली.